झोपेत अंग जखडतं तेव्हा : तिसरी शिफ्ट, घंटागाडी आणि एक वही

पहिल्यांदा झालं ते १९ नोव्हेंबर २०२४ला, मंगळवारी. तिसरी शिफ्ट करून सकाळी साडेसातला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून घरी, आठला अंथरुणावर, आणि साडेनऊच्या सुमारास डोळे उघडे असताना हातपाय हलेनात. पंखा दिसतोय, स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येतायत, ओरडायचंय पण घशातून आवाज निघत नाही, छातीवर वजन आणि दाराशी कुणीतरी उभं. अंदाजे मिनिटभर. मग एकदम सुटका. ज्यांना हे झालंय त्यांना आणखी वर्णन नको असतं, आणि ज्यांना झालं नाही त्यांना कितीही सांगितलं तरी ते स्वप्नच वाटतं. म्हणून ते इथेच थांबवतो. पुढच्या चार महिन्यांत कुठे गेलो, काय विचारलं, किती लागले आणि काय चुकलं, तेवढंच लिहितो.

आपल्याकडे याला सरळ ‘छातीवर बसलं’ किंवा ‘झोपेत दाबलं’ म्हणतात. त्यामुळे घरचे उपायही त्याच वाटेनं येतात : उशाशी सुरी ठेव, दक्षिणेकडे पाय करू नकोस, अंगारा लाव. यातल्या बहुतेक गोष्टींनी बिघडत काही नाही. झोपण्याआधी सावकाश रामरक्षा म्हटली तर श्वास संथ होतो, तो फायदाच. पण कुणी बाधा उतरवायला पैसे मागितले किंवा मारझोड, धूर असले प्रकार सुचवले तर तिथून उठावं. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखालची मारहाण हा गुन्हा आहे.

डॉक्टरांकडे जायच्या आधी यंत्रणा समजून घेतली, आणि निम्मी भीती तिथेच गेली. झोपेत साधारण दर दीड तासाला एक टप्पा येतो, त्यात डोळे पापण्यांआड भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. या ‘रेम’ झोपेचा शोध १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी लावला. स्वप्नात आपण धावलो म्हणून खरोखर उठून धावू नये, यासाठी मेंदूचा देठ या टप्प्यात मणक्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींवर ब्रेक लावतो. ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं ते काम करतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल तेवढे मोकळे राहतात. हा ब्रेक सुटायच्या आत जाग आली, किंवा जाग पुरती जायच्या आत तो लागला, की स्लीप पॅरालिसिस. म्हणजे बिघाड असा काही नाही. दोन खटके एकाच वेळी पडायला हवेत, त्यात काही सेकंदांचा फरक पडलेला असतो.

छातीवरचं वजनही यातूनच येतं. श्वासपटल चालू असतं, पण बरगड्यांमधले आणि मानेचे मदतनीस स्नायू सैल पडलेले असतात. आपण घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातो, तो येत नाही, आणि मेंदू त्याचा अर्थ ‘कुणीतरी दाबतंय’ असा लावतो. श्वास बंद पडलेला नसतो. दाराशी उभी असलेली व्यक्ती म्हणजे उघड्या डोळ्यांवर सांडलेलं स्वप्न.

आणि हे दुर्मीळही नाही. ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी २०११ साली ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेल्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांत २८.३ टक्के निघालं. परीक्षेच्या दिवसांत गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमध्ये विचारून पाहा, प्रत्येक बाकावर एक किस्सा निघेल.

आता वही. २० रुपयांची, रेघांची. २५ नोव्हेंबरला सुरू केली आणि ५ जानेवारीपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, एकही दिवस न चुकता लिहिली. अ‍ॅप किंवा मनगटावरचा पट्टा यापेक्षा वही बरी, कारण पट्ट्याला तुम्ही उताणे होतात की कुशीवर ते कळत नाही आणि मधल्या जागेचं कारणही कळत नाही. दर दिवसाला एक ओळ : अंथरुणावर कधी, झोप अंदाजे कधी लागली, मधे जाग कधी आणि कशानं, उठलो कधी, शेवटचा चहा किती वाजता, दुपारची डुलकी किती मिनिटं. अंग जखडलं तर वेळ, कूस, आणि त्याच्या अर्ध्या तास आधी काय झालं होतं. हा शेवटचा रकाना पहिल्या आठवड्यात नव्हता. नंतर घातला, आणि सगळं प्रकरण त्याच रकान्यानं उलगडलं.

आमच्याकडे शिफ्ट दर आठवड्याला उलटी फिरायची : तिसरीनंतर दुसरी, दुसरीनंतर पहिली, मग पुन्हा तिसरी. सहा आठवड्यांत एकूण ११ नोंदी झाल्या. त्यातल्या आठ तिसऱ्या शिफ्टच्या दोन आठवड्यांतल्या. दोन रविवारच्या जेवणानंतरच्या लांब झोपेतल्या, आणि एक पहिल्या शिफ्टच्या पहाटे, गजर तीनदा पुढे ढकलल्यावरची. अकरापैकी नऊ वेळा उताणा. आणि तिसऱ्या शिफ्टच्या आठपैकी सहा वेळा आधीच्या अर्ध्या तासात एकच गोष्ट घडलेली होती : नऊ-सव्वानऊला घंटागाडी आली, तिच्या भोंग्यानं जाग आली, कचरा टाकून परत आडवा झालो.

यात गूढ काही नाही. रेम झोपेचा जोर शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त असतो. रात्रभर जागलेला माणूस सकाळी आठला झोपतो तेव्हा तो ऐन त्या भरतीत उडी मारतो. मधेच उठून दहा मिनिटांत परत झोपलं, तर मेंदू नेहमीच्या क्रमानं हलकी झोप, गाढ झोप अशा पायऱ्या न उतरता थेट रेममध्ये शिरू शकतो. १९९२ साली जपानमधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत लोकांना मुद्दाम मधेच उठवून आणि परत झोपवून स्लीप पॅरालिसिस घडवून दाखवला होता. तोच प्रयोग आमच्या गल्लीत महापालिका फुकटात करत होती. पहाटे गजर पुढे ढकलत राहणं हाही त्याच प्रयोगाचा छोटा अवतार.

७ जानेवारीला फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, फी ३०० रुपये. जाताना वहीच नेली, आणि दहा मिनिटांचं काम तीन मिनिटांत झालं. त्यांनी आधी बाकीच्या शक्यता बाजूला काढल्या, आणि हे प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून ठेवा. जखडणं काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत सुटतं का? तास-दोन तास हातपाय लुळे राहत असतील, विशेषतः भरपेट गोडधोडाच्या किंवा अंगमेहनतीच्या दुसऱ्या दिवशी, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यात रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. जीभ चावली जाते का, अंथरूण ओलं होतं का? तसं असेल तर फिट्सचा विचार. जोरात हसल्यावर किंवा चिडल्यावर गुडघे गळतात का, दिवसा बोलता बोलता झोप येते का? याचं उत्तर होय असेल तर नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा झोप न आवरण्याचा आजार, आणि मग वेळ न घालवता न्यूरोलॉजिस्ट. घोरणं, मधेच श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड, यातलं काही आहे का? ते बायकोला विचारून या, म्हणाले. तिनं पहिल्या दोन्हीला होय सांगितलं.

चालू औषधांची यादीही न्यावी. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या रेम झोप दाबून ठेवतात, आणि त्या मनानं एकदम बंद केल्या की दबलेली रेम उसळून येते. रात्रीच्या दारूचंही तेच : पहिल्या प्रहरात रेम दबते, पहाटे दामदुपटीनं वसूल होते. वाईनचं शहर म्हणून या नियमात सवलत नाही.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखर आणि पोटॅशियम. १,६५० रुपये, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट, सगळं ठीक. फेरिटिन कशाला, तर लोह कमी असेल तर झोपताना पाय वळवळतात आणि झोप तुकड्यांत होते.

पुढची पायरी झोपेचं काम बघणाऱ्या छातीरोगतज्ज्ञांची. वेळ मिळाली नऊ दिवसांनी, १६ जानेवारीला संध्याकाळी, फी ९०० रुपये. तिथे एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी भरून घेतात : वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, सिग्नलला गाडी थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप नेहमीपेक्षा जास्त मानतात. माझे नऊ आले. उत्तरं ‘मी तसा बरा आहे’ छाप देऊ नयेत, नाहीतर पुढची सगळी दिशा चुकते.

इथे चाचण्यांचा घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर. रुग्णालयात रात्रभर राहून करायच्या चाचणीत डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना तारा लावतात. त्यामुळे झोपेचा कुठला टप्पा चालू आहे ते कळतं. घरी नेऊन करायच्या चाचणीत नाकाशी नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा एवढंच असतं. ती श्वासाचं सांगते, रेमचं काहीच सांगत नाही. नार्कोलेप्सीचा संशय असेल तर घरची चाचणी निरुपयोगी. त्यासाठी रुग्णालयातली रात्र आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतरानं चार-पाच डुलक्यांची चाचणी लागते, आणि तिच्याआधी दोन आठवडे झोपेच्या वेळा पक्क्या ठेवून वहीत लिहाव्या लागतात. तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ती केली तर निकाल खोटा ‘आहे’ येऊ शकतो, कारण दमलेला निरोगी माणूसही मग थेट रेममध्ये शिरतो. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या बाबतीत डुलक्यांच्या चाचणीची गरज नाही असं ठरलं. घोरणं होतं म्हणून घरची चाचणी, ६,५०० रुपये.

१८ जानेवारीची पहिली रात्र वाया गेली. २ वाजून ४० मिनिटांनी बोटाचा चिमटा निसटला आणि उपयोगी रेकॉर्डिंग चार तासांच्या आत राहिलं. चिमट्याची तार मनगटाला चिकटपट्टीनं बांधायला हवी होती. यंत्र देणाऱ्यानं ना तसं सांगितलं, ना पट्टी दिली. यंत्र एकच, यादी लांब, म्हणून पुढची तारीख थेट ६ फेब्रुवारी. वर पुन्हा पूर्ण पैसे मागितले. पावतीवर फेरचाचणीबद्दल शब्द नव्हता. वादावादीनंतर निम्म्यावर, ३,२५० रुपयांवर, मिटलं. तेव्हा पैसे भरायच्या आधीच पावतीवर लिहून घ्या : ‘रेकॉर्डिंग अपुरं आल्यास फेरचाचणी विनामूल्य’. चाचणीच्या दिवशी बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, चिमट्याचा प्रकाश आरपार जात नाही. रुग्णालयातली चाचणी असेल तर केस धुऊन जा आणि तेल लावू नका, तारा डोक्याला चिकटत नाहीत. दुपारी झोपू नका. उशी आपली न्या.

विम्याचंही आधीच सांगतो. फक्त निदानासाठी भरती झालात तर तो खर्च आरोग्यविम्यात साधारणपणे वगळलेला असतो. पॉलिसीत ‘इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन’ या नावाची अट शोधा. ज्यांचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापली जाते, त्यांनी आधी नेमून दिलेल्या दवाखान्यात जावं, तिथून चिठ्ठी घेऊन सातपूरच्या रुग्णालयात. चिठ्ठीशिवाय थेट खासगीत गेलात तर पैसे परत मिळवताना चपला झिजतात.

रिपोर्ट चार दिवसांनी आला आणि ११ फेब्रुवारीला फेरतपासणी झाली, फी ५०० रुपये. तासाला श्वास अडखळण्याची सरासरी ७.२. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य. पण खालच्या कोपऱ्यातली छोटी ओळ महत्त्वाची निघाली : उताणं असताना १५, कुशीवर २. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू मागे पडून वाट अरुंद होते, श्वास अडतो, मेंदू अर्धवट जागा होतो, आणि रेम चालू असेल तर तोच तो क्षण. म्हणजे वहीतल्या ‘अकरापैकी नऊ’ला यंत्रानं दुजोरा दिला. श्वासाचं मशीन नको, गोळी नको. कूस बदला, वजन चार किलो उतरवा, तीन महिन्यांनी या.

कुशीवर झोपायचं ठरवून भागत नाही, झोपेत माणूस वळतोच. जुन्या बनियनच्या पाठीला, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध, खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. पहिले पाच-सहा दिवस पाठ शिव्या देते, नंतर वळणंच कमी होतं. चेंडू कमरेपाशी घसरला तर पाठ दुखते, म्हणून खिसा वरच हवा आणि तोंड शिवून बंद. ज्यांना हे नको त्यांनी पाठीला घट्ट लोड लावावा.

दिवसाच्या झोपेसाठी खोलीचा खर्च झाला तो सार्थकी. दुहेरी जाड पडदे २,४०० रुपये, फोमचे कानातले बोळे १२० रुपये. बोळा पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर भोंगा जसाच्या तसा ऐकू येतो. कचऱ्याचा डबा रात्रीच शेजाऱ्यांच्या दाराशी, बदल्यात रविवारी त्यांचा आम्ही टाकतो. दारावरची बेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत. शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी, कारण कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. तिसऱ्या शिफ्टमध्ये याचा अर्थ पहाटे दोननंतर कँटीनचा चहा नाही, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत अवघड हेच गेलं.

दुपारची डुलकी २० मिनिटांत संपवायची. रविवारी मटण-भात खाऊन दोन तास ताणून दिली की नोंद ठरलेली. कुणी ‘झोप कमी करा, म्हणजे गाढ लागेल’ असा निद्रानाशावरचा उपाय सांगेल. निद्रानाशात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो चालतो, पण इथे मला तो उलटा वाटतो; थकवा साठला की जखडणं वाढतं. रात्री दुचाकीवर घरी येणाऱ्यानं तर तो करूच नये.

प्रत्यक्ष जखडलं असताना काय करायचं, याचाही सराव लागतो. सगळं अंग एकदम झटकायला जाऊ नका, ब्रेक लागलेली गाडी ढकलल्यासारखं होतं आणि घाबरगुंडी वाढते. खोल श्वासाचा हट्ट नको, जसा चालू आहे तसा चालू द्या. बलांद जलाल या संशोधकानं २०१६ साली मांडलेली पद्धत चार पायऱ्यांची आहे : हे काय आहे ते स्वतःला सांगणं, हे घातक नाही म्हणून भीतीला बाजूला ठेवणं, मन एखाद्या आवडत्या गोष्टीवर खिळवणं, आणि स्नायू सैल सोडून हालचालीचा प्रयत्नच न करणं. ती दिवसा, जागेपणी, उताणं पडून घोकावी लागते. ऐन वेळी आठवत नाही. काहींना डोळे फिरवणं, जीभ किंवा पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करणं सोपं जातं. दोन्ही एकाच वेळी करू नका, एक निवडा. घरच्यांना सांगून ठेवा : घशातून दबलेला हुंकार आला तर हाका मारत बसू नका, खांद्याला हात लावा. स्पर्शानं बहुतेकदा सुटतं. आणि सुटल्यावर लगेच डोळे मिटू नका. उठून बसा, पाणी प्या, दहा मिनिटांनी कूस बदलून झोपा. तसंच पडून राहिलात तर दुसरी खेप येते. माझ्या वहीत अशा दोन जोड्या आहेत.

मनावर ताण, उदासी यांनी झोप मोडत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीत चालतो.

राहिला शिफ्टचा प्रश्न. माणसाच्या आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं लांब असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं आणि मागे ओढणं कठीण. म्हणून पहिली-दुसरी-तिसरी ही चक्री उलट्या चक्रीपेक्षा सोसते. १२ फेब्रुवारीला एचआरकडे अर्ज दिला. सोबत डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र, रिपोर्टची झेरॉक्स आणि वहीतल्या सहा आठवड्यांचा एका पानाचा तक्ता. अर्जात ‘तिसरी शिफ्ट नको’ असं लिहिलं नाही. तसा अर्ज सुपरवायझरच्या टेबलावरच मरतो. ‘चक्रीची दिशा बदलावी’ एवढंच मागितलं, कारण त्यात माणूस कमी पडत नाही. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का. २६ फेब्रुवारीला होकार आला आणि ३ मार्चपासून आमच्या पूर्ण लाइनची चक्री सरळ फिरू लागली.

एकूण खर्च १५,६४० रुपये, त्यातला ३,२५० चिकटपट्टीचा. वही चालू आहे, पण फक्त तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात. मार्चच्या पानावर एकच नोंद आहे, १२ तारखेची : सकाळी दहा, उताणा, चेंडूवाला बनियन धुवायला टाकलेला, घंटागाडी नाही, वरच्या मजल्यावर ड्रिल.